शनिवारचं गवत

“पन्नाशीचा बाप्या दर शनिवारी गाडी हाकत येतो, तुझं गवत कापतो, आणि तू त्याला येऊ देतेस,” असं म्हणत कॉरीने कंदांची गोणी नेलबाईंच्या स्वयंपाकघरात दारामागे टेकवली.

गोणीत रानट्यूलिपचे कंद होते, कॉरीच्या भावाच्या शेतातले. हिरवळीत पुरले की वसंतात गवतातून पिवळी फुलं येतात आणि मग दर वर्षी आपली आपण वाढत जातात. मात्र पानं वाळेपर्यंत, म्हणजे जून उलटेपर्यंत, त्या गवताला पातं लावायचं नाही. कॉरीला फुलांपेक्षा हेच महत्त्वाचं वाटत होतं.

“जूननंतर भावाच्या मेंढ्या सोडू. म्हणजे शूर्द सुटला. शनिवारी कुठे नाचायला जाईल, चार बायका भेटतील. तुझ्या गवतात का त्याला बायको सापडणार आहे?”

कॉरी शेजारीण, तोंडाने फटकळ. पण नेलबाईंना तिचं पटलं होतं. घटस्फोट झाल्यापासून त्यांचा मुलगा शूर्द शहरात तिसऱ्या मजल्यावर एकटा राहत होता. काम असल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही ही बापाची रीत त्याने उचलली होती, त्यामुळे हिवाळ्यात फक्त फोन करायचा. गवत वाढायला लागलं की मात्र शनिवारी नऊच्या आत हजर. गवत कापायचा, वाटाण्याचं सूप प्यायचा आणि अंधार पडता पडता परत जायचा.

शनिवार गेला तर आपलं काय होईल, याचाही विचार नेलबाईंनी करून ठेवला होता. वाईट वाटणार होतं, चांगलंच वाटणार होतं. पण आपण मुलाच्या पायात अडकलो आहोत, हे त्यांना त्याहून असह्य होत होतं.

शूर्दने सगळं ऐकून घेतलं.

“बरं झालं. कंबर कामातून चालली होती,” तो म्हणाला. गोणीकडे त्याने बराच वेळ पाहिलं. “पण इथे नको ठेवूस. तुझ्याकडे उंदीर आहेत. मी घरी नेतो, पुढच्या शनिवारी लावू.”

“सूपही ने. पातेल्यासकट देऊ?”

“डब्यात दे, आई. एवढं धूड माझ्या शेगडीवर मावत नाही. माझ्याकडे एकच पातेलं आहे, त्यात दोन अंडी उकडतात.”

“बाकी कसं चाललंय?”

“चाललंय.”

पुढच्या शनिवारी त्याने मुठीमुठीने कंद गवतावर उधळले. जो जिथे पडेल तिथेच तो पुरायचा, रांगा धरायच्या नाहीत, म्हणजे फुलं आपसूक उगवल्यासारखी दिसतात. उधळायला नेलबाईंनीही हात पुढे केला.

“तू बाकावर बस. गारठशील,” तो म्हणाला आणि गोणी त्याने पलीकडे ओढली.

कॉरी कुंपणावर कोपरं टेकून देखरेख करत होती. “दोनचार ठेव गं, सुपात घालायला.”

“युद्धातल्या त्या उपासमारीच्या हिवाळ्यात जन्माचे कंद खाऊन झालेत,” नेलबाई म्हणाल्या. “नऊ वर्षांची होते मी. आई रोज तेच उकडायची. तो वास अजून नाकातून जात नाही.”

शूर्द गुडघ्यांवर बसून माती उकरत राहिला.

एक कंद घरंगळत बाकाखाली आला. नेलबाईंनी तो उचलला, बोटांत फिरवला आणि नाकाशी नेला. कंद हातात आला की हुंगायचा, ही इथल्या माणसांची सवयच. सडका वासावरून कळतो. मग त्यांनी तो एप्रनच्या खिशात टाकला.

“चल,” त्या उठल्या. “सूप गरम करते. आज जरा जास्तच केलंय.”

वसंत आला. कॉरीच्या अंगणात पिवळा रंग मावेना. नेलबाईंच्या अंगणात नुसतं गवत, घोट्याच्या वर आलेलं. कॉरी स्वतः येऊन रांगत रांगत पाहून गेली.

“माझ्या भावाचे कंद आहेत ते. एकही नाही म्हणजे काय?”

“उंदीर,” नेलबाई म्हणाल्या.

“गोणीभर?”

“खादाड आहेत मेले.”

शूर्द यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. “वाईट झालं,” एवढंच तो म्हणाला आणि त्याने यंत्र सुरू केलं.

त्या उन्हाळ्यात त्याने एकही शनिवार चुकवला नाही. एकदा सूप पिता पिता तो बायकोबद्दलही बोलला, पहिल्यांदाच. बोलून झाल्यावर बाहेर जाऊन कापलेलंच गवत त्याने पुन्हा कापलं. नेलबाई खिडकीतून पाहत राहिल्या, त्यांनी त्याला हाक मारली नाही.

शरद ऋतूत कॉरी पुन्हा आली. या वेळी गोणी दुप्पट होती.

“आमच्या घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे,” ती म्हणाली. “या खेपेला शूर्द सुटल्याशिवाय राहत नाही.”

शनिवारी संध्याकाळी निघताना शूर्दने दारामागची गोणी पाहिली, मान खाली घातली आणि ती खांद्यावर घेतली.

“मी नेतो घरी. इथे उंदीर...”

“हो, ने ना. उंदीर फार झालेत.”

तो गाडीपाशी पोचला, तशा नेलबाई मागून आल्या. सुपाचं मोठं पातेलं त्यांनी घासूनपुसून आणलं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर, गोणीला खेटून, त्यांनी ते ठेवलं.

“हे राहू दे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “मागच्या वर्षी त्या दोन अंड्यांच्या पातेल्यात किती खेपा उकडावं लागलं असेल तुला.”