चालत गेला

"पुस्तकातली बोट निळी होती," बबडी म्हणाली. पडद्यावरची बोट लाल होती.

"असू दे गं," मावशी कुजबुजली. "सिनेमात रंग बदलतात."

"आणि कुत्रा कुठून आला? पुस्तकात कुत्राच नव्हता."

"सिनेमावाल्यांनी आणला. तू पॉपकॉर्न खा."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून पाहिलं. आईने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण तिला गप्प करावंसं वाटेना. बोट लाल, कुत्रा नवा, नावाड्याला पुस्तकात नसलेली मिशी. जितकं बदललं होतं तितकं बरंच होतं. एवढं सगळं बदललंय, तर शेवटही बदलला असेल. लोक सिनेमावाल्यांना याच गोष्टीवरून नावं ठेवतात. ती मात्र, त्यांनी अजून बदलावं म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

सहा वर्षांच्या बबडीला ते पुस्तक पाठ होतं. आईनेच वाचून दाखवलेलं. शेवटच्या पानावर नदी, काठाला बांधलेली बोट आणि एकच ओळ: 'एका सकाळी नावाडी गेला.'

"बोट न घेताच?" बबडीने तेव्हा विचारलं होतं.

"हो. चालत गेला."

"कुठे?"

"लांब."

'गेला' हा शब्द खोटा नव्हता. बबडीच्या बाबांच्या वेळीही तोच कामी आला होता. परगावी कामावर अपघात झाला तेव्हा बबडी मावशीकडे होती. बाबा गेले, एवढंच तिला सांगितलं. कुठे, तर लांब. तेव्हापासून घरात फोन वाजला की सगळ्यात आधी ती धावायची.

पडद्यावर नावाडी खोकायला लागला.

आई ताठ झाली. पुस्तकात खोकला नव्हता, आणि सिनेमात कुणी उगाच खोकत नाही.

"शू लागलीये ना? चल."

"नाही लागली."

"लागली असेल. चल पटकन."

"अगं आई, नाही ना!"

"ताई, बस ना खाली," मावशी म्हणाली. "पोरगी नाही म्हणतेय."

"शेवट काय आहे माहितेय का तुला?"

"मला कसा माहीत असणार? मी पुस्तकं वाचत नाही, त्यांचा सिनेमा निघायची वाट बघते." मग तिने ताईचा चेहरा नीट पाहिला. तिचा हात पॉपकॉर्नच्या डब्यातच राहिला. "अगं बाई. म्हणजे तो..."

"हळू!"

आईने बबडीला काखेत धरून उचललं. बबडीने खुर्चीचा हात घट्ट पकडला. "सोड! मला बघायचंय, तो कसा चालत जातो ते."

"ओ ताई, बसा की," मागून कुणीतरी ओरडलं. "डोकी दिसतायत नुसती."

ती बसली. पडद्यावर एक खाट होती आणि खाटेवरून खाली लोंबणारा एक हात. आईने बबडीच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. बबडीने तिची बोटं एकेक करून बाजूला केली. एका बाईने चादर ओढून नावाड्याचं तोंड झाकलं. सगळं थिएटर शांत झालं.

"तोंड का झाकलं?"

मावशीने पॉपकॉर्नचा डबा तिच्यापुढे केला.

"तो मेला?" बबडीचा आवाज सगळ्या थिएटरला ऐकू गेला. "आई, यांचं चुकलंय. पुस्तकात तो मेला नव्हता. पुस्तकात गेला होता!"

मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ हसले. मायेचंच हसू ते. पुढे वाकून म्हणाले, "अगं बाळा, तेच ते. गेला म्हणजे मेलाच. मोठी माणसं तसं म्हणतात."

मावशीने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गप मागे सरकून बसले. आपलं काय चुकलं, ते त्यांना कळलं नाही.

बबडी आता पडद्याकडे बघत नव्हती. आईने तिला कुशीत ओढलं, तर तिचं अंग लाकडासारखं लागलं. सिनेमा संपला, नावं वर सरकू लागली, दिवे लागले. लोक खुर्च्या आपटत उठले.

"पुस्तकाची सर नाही बाई," पुढच्या रांगेतल्या त्या बाई शेजारणीला सांगत होत्या. "पण शेवट मात्र अगदी पुस्तकातलाच ठेवलाय हं."

रांग रिकामी होईपर्यंत तिघींपैकी कुणी उठलं नाही.

"आई," बबडी म्हणाली. "बाबा पण?"

मावशी जमिनीकडे बघू लागली. आईच्या ओठांपर्यंत नेहमीचं उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

"हो, राणी."

बबडी रडली नाही. समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत, मनातल्या मनात काहीतरी जुळवत बसली. मग गुडघ्यांवर उभी राहून आईच्या कानाशी आली.

"आजीला माहीत नाहीये."

"काय माहीत नाहीये?"

"ती सगळ्यांना सांगते ना, माझा मुलगा गेला, माझा मुलगा गेला. ती अजून गेलाच म्हणते." तिने आवाज आणखी खाली आणला. "तिला कळू द्यायचं नाही हं, आई. रडेल ती."