सागरमातेचे वाकणे

पालखी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा निकोदेमोने घंटेची जीभ मुठीत धरली होती.

घंटा दोनदा वाजली की पुढचे बारा खांदेकरी दांडे खांद्यावरून कमरेपर्यंत उतरवत. सागरमातेची लाकडी मूर्ती समोर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाल्कनीपुढे वाके. तशीच वाकलेली ती गल्लीच्या शेवटापर्यंत जाई आणि त्या घराच्या पायथ्याशी वळून समुद्राकडे निघे. सव्वीस वर्षांचे ऑगस्ट असेच सरले होते.

बाल्कनीत दोन्ना फोर्तुनाता बसल्या होत्या. काळी शाल, काळी खुर्ची, मांडीवर न हलणारे हात. साऱ्या बंदरावर हुकूम चालवणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला याच गल्लीत गोळ्या घातल्या, त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. चर्चसाठीही नाही. खाली भिंतीला टेकून त्यांचा नातू सावेरियो उभा होता. त्याच्या शब्दाबाहेर बंदरातला दोरही सुटत नसे.

नवे बिशप वसंतात आले. आपली जुनी मोटार स्वतः चालवत आले. अंगठीचे चुंबन घ्यायला वाकलेल्यांना त्यांनी हात धरून उभे केले. ईस्टर संपल्यावर वेदीवरून म्हणाले, "यापुढे देवाची आई कुणाच्या घरापुढे वाकणार नाही." चर्चमध्ये कुणी खोकलेदेखील नाही. बाहेर मात्र चार महिने गावाला दुसरा विषय उरला नाही.

"नव्याचे नऊ दिवस," न्हावी म्हणायचा. "दहाव्या दिवशी बिशपसाहेबच वाकतील."

"त्यांना कणा आहे रे," मासळीवाली रोझारिया दारातूनच ऐकवायची. "तुझ्यासारखं दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यावर वाकून पोट नाही भरायचं त्यांना."

कुणी तरी बिशपांच्या दारात माशाचे कापलेले डोके ठेवले. त्याच सकाळी, त्याच पायरीवर, कुणी तरी अंजिरांची टोपलीही ठेवली. दोन्ही हात गावाचेच होते.

काल संध्याकाळी बिशप निकोदेमोकडे आले. तो मासेमार, आणि खांदेकऱ्यांचा म्होरक्या. जाळ्याला टाके घालत बसला होता. "मी पालखीच्या मागे चालेन," बिशप म्हणाले. "घंटा तुमच्या हातात आहे." ते गेले, आणि थोड्याच वेळात सावेरियो वाळू तुडवत आला. निकोदेमोच्या होडीवर त्याने तळवा फिरवला.

"काका, निळा रंग छान उठलाय," तो म्हणाला. "लाकूड पण सुकं आहे चांगलं."

आता चारचे ऊन होते. समुद्रावरचा दमट उजेड गल्लीत भरला होता आणि त्यात सगळेच तळाशी बसल्यासारखे वाटत होते: माणसे, मेणबत्त्या, खिडक्यांतून टाकलेल्या पिवळ्या पाकळ्या. त्या खाली यायला फार वेळ घेत होत्या. निकोदेमोला वाटले, हे आपण पूर्वी कधी तरी झोपेत पाहिले आहे, आणि त्या झोपेत आपला हात कुणा दुसऱ्याचा होता.

"निकोदे, वाजव रे बाबा," मागून मीकू कुजबुजला. तो पुढच्या दांड्यावर होता. "होडी एकच आहे तुझी."

"माहीत आहे."

मुठीतली घंटेची जीभ घामाने ओली झाली होती. निकोदेमोने पाऊल टाकले.

घंटा वाजली नाही. खांदेकऱ्यांना घंटेशिवाय काही करायची सवय नव्हती. ते चालत राहिले. दांडे खांद्यावरच राहिले. चाळीस पावलांची ती गल्ली. दहाव्या पावलाला एक खिडकी मिटली. विसाव्याला कुणी तरी दोनच टाळ्या वाजवल्या आणि हात आवरले. मागून बिशपांच्या बुटांचा आवाज येत होता, एकसारखा, थकलेला. चाळिसाव्या पावलाला, बाल्कनीच्या अगदी खाली, सावेरियो भिंतीपासून सुटा झाला. तो घाईत नव्हता. पालखीच्या पुढे येऊन त्याने निकोदेमोच्या खांद्यावर हात ठेवला, मित्र ठेवतो तसा. पालखी थांबली.

"घंटा बिघडली का, काका?"

"नाही."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साऱ्या गल्लीने मान वर केली. दोन्ना फोर्तुनाता उभ्या राहिल्या होत्या. त्यांना उभे राहिलेले पाहून गावाला एक पिढी लोटली होती. त्यांनी कठडा धरला. खांद्यांवर ताठ उभी असलेली मूर्ती आणि त्या आता एका उंचीवर होत्या, हाताच्या अंतरावर. त्यांनी हात वर केला. मीकूने डोळे मिटले.

"सावेरियो," त्या म्हणाल्या. "टोपी काढ."

नातवाने वर पाहिले. मग खाली पाहिले. निकोदेमोच्या खांद्यावरचा हात निघाला, आणि टोपी उतरली.

वर केलेला हात दोन्ना फोर्तुनातांनी मूर्तीकडे नेला. लाकडी गालावरचा जुना रंग बोटांच्या टोकांनी चाचपला.

"सव्वीस वर्षं मला नुसता हिचा मुकुट दाखवलात रे," त्या निकोदेमोला म्हणाल्या. "चेहरा विसरले होते मी."