अधीक्षकांचा चिमटा

विज्ञानाच्या सेवकाला खुर्चीचा मोह नसतो, असं सांगून वर्ध्याजवळच्या सरकारी कापूस संशोधन फार्मवर मी अधीक्षकपद नाकारलं. मग त्या जागी कारकुनीतून चढलेले साहेब आले. पंचवार्षिक योजनेचे तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या कपाशीवरचे लाल दोरे तोडायला लावले. मी चिमट्यानं संकर केलेल्या फुलांची तीच खूण होती. साहेबांना ते मजूरबायांचे नवस वाटले. "सात वर्षं मातीत गेली!" मी ओरडलो. दोरे बांधणारी आणि आता हुकमानं तोडणारी मजूर बायजा म्हणाली, "माह्यावर काऊन चिडता? खुर्ची तुमालेच देऊन राह्यलते, तुमीच नाई म्हनलं." तपासणी उत्तम झाली. टापटिपीबद्दल साहेबांना नागपूरला बढती मिळाली आणि खुर्ची पुन्हा माझ्याकडे आली. असला माणूस पुन्हा नको, म्हणून होकार दिला. पहिल्याच सकाळी कपाशीकडे निघालो, तर भांडाराच्या कारकुनानं चिमटा परत मागितला. अधीक्षकाच्या सामानयादीत चिमटा नव्हता.