यादीतला चौथा नंबर

“मोठ्यानं वाचा ना तात्या. असं तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?”

लीला त्यांच्या खांद्यावरून कागदात डोकावली. कागद उर्दूत होता. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

तात्यांनी चष्मा वर ढकलला. “निवड नाही झाली. पण नाकारलंही नाही. प्रतीक्षा यादीत चौथा नंबर लागलाय तुझा.”

“म्हणजे?”

“म्हणजे वरचं कुणी गळालं की खालच्याला बोलावणार. गळतात गं. डॉक्टरी म्हणजे काय खायचं काम आहे?”

निजामी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण हैदराबादच्या कॉलेजचं दफ्तर अजून उर्दूतच चालायचं. तात्या, म्हणजे बाबूराव, धाराशिवच्या तहसिलीत पेशकार होते, साहेबापुढं कागद मांडणारे कारकून. त्यांची सारी हयात त्याच लिपीत गेलेली. लीला मात्र लहानपणापासून सोलापूरला मामाकडं शिकली, मराठीतून. इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आली. पण घर धाराशिवचं, म्हणून डॉक्टरीचा अर्ज हैदराबादलाच करावा लागला.

तो अर्ज तात्यांनीच पाठवला होता, अख्ख्या गल्लीच्या नाकावर टिच्चून. आई, तुळजाबाई, तेव्हा महिनाभर धुसफुसत होती. बेंबळीचं चांगलं स्थळ चालून आलेलं, आणि नवरा पोरीला मुडदे फाडायला धाडायला निघालेला!

“स्थळं काय, पायलीला पन्नास,” तात्या म्हणाले होते. “माझी पोर डॉक्टर होणार.”

असा बाप लीलाच्या एकाही मैत्रिणीला नव्हता, आणि ती हे त्यांना येताजाता ऐकवायची.

पत्र आलं त्याच दिवशी तात्यांनी दौत-टाक काढला. “प्रिन्सिपॉलसाहेबांना विनंती करू. बाईडॉक्टर नाही म्हणून जिल्ह्यात किती बाया हकनाक जातात, ते कळू दे त्यांना.” तात्यांचं उर्दू अक्षर देखणं. लीला शेजारी बसून बघत राहिली. खाली तिनं सही केली आणि पोस्टात टाकायलाही तीच गेली, जवळजवळ पळत.

तीन आठवड्यांनी दुसरं पाकीट आलं. दुपारीच आलं होतं, पण आईनं ते संध्याकाळपर्यंत पिठाच्या डब्यामागं ठेवून दिलं. लीलाला तिचा असा राग आला!

“तुला वाचता येतंय, का मला?” आई म्हणाली. “त्यांनीच येऊन वाचायचं ना?”

तात्यांनी उंबऱ्यातच वाचलं. “दुसरा नंबर! दोघं गळाले बघ.” लगेच जाऊन त्यांनी पेढे आणले. आईनं पेढ्याला हात लावला नाही.

लीला रोज पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसायची. मामानं दिलेल्या जुन्या पुस्तकातून तिनं हाताची सगळी हाडं पाठ केली. आई वांगी चिरायला लागली की ही तिला मनगटाची आठ हाडं ऐकवायची.

ऑगस्टअखेर तिसरं पाकीट आलं. तात्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि लीलाच्या डोक्यावर हात ठेवला. “यादी बंद झाली, बाळ.”

ती रडली नाही. दोन दिवस जेवली नाही. तात्याही जेवले नाहीत. चौथ्या दिवशी ते हळूच म्हणाले, “बेंबळीकर अजून थांबलेत म्हणे. नुसतं बघायला काय हरकत आहे?” तिनं मान डोलावली. तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

मग नळदुर्गहून बातमी आली. विरुपाक्ष नावाचा मुलगा सोलापूरला तिच्याच वर्गात होता. तिच्यापेक्षा एकवीस मार्क कमी. त्याला हैदराबादला जागा मिळाली होती, आणि तीही प्रतीक्षा यादीतून.

लीलाचं डोकंच फिरलं. “तो माझ्या पुढं कसा? फसवलं मला! त्या दफ्तरातल्या कुणीतरी माझा गळा कापला!”

“वशिला असेल त्याचा,” तात्या म्हणाले. “जाऊ दे. सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय?”

“तुम्ही असं म्हणता, तात्या? तुम्ही?”

तात्या टोपी घालून कचेरीला गेले.

पिशवी भरली ती आईनं. “मला डॉक्टरीतलं काही कळत न्हाई. पण माझ्या पोरीच्या ताटातलं कुणी ओढून घेतलं असंल, तर त्याला विचारल्याबिगर मी गप बसायची न्हाई. ऊठ.” तात्या फिरतीवर गेले तेव्हा त्यांना चिठ्ठी ठेवून दोघी निघाल्या. नळदुर्गला मोटार बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या दफ्तरात जाऊन उभ्या राहिल्या.

टेबलामागचा कारकून माणिकप्पा मूळचा उदगीरकडचा, मराठी बोलणारा. लीलानं बसायचीही वाट पाहिली नाही.

“विरुपाक्षाला कुणाच्या वशिल्यानं घेतलं? प्रतीक्षा यादीत माझा दुसरा नंबर होता!”

माणिकप्पानं तिचं नाव विचारून घेतलं आणि शांतपणे फाइल काढली. पानं उलटली. मग तो बुचकळ्यात पडला.

“बाई, त्या यादीत तुमचं नावच न्हवतं.”

“नव्हतं?”

“तुमची निवड पहिल्याच यादीत झालती. विरुपाक्षाला घेतलं ते तुमच्या जागेवर.” त्यानं एक कागद तिच्यापुढं सरकवला. “ही सही तुमचीच न्हवं?”

उर्दू मजकुराखाली तिचं नाव होतं, मराठीत, तिच्याच हातचं.

“माझीच,” लीला म्हणाली.

“मग आता आमच्यावर का कावता? तुम्हीच तर कळवलंय.” माणिकप्पानं ओळीवर बोट ठेवलं आणि तो मराठीत सांगू लागला, “‘माझं लग्न बेंबळीला ठरलं आहे. सबब ही जागा मी माझ्या राजीखुशीनं सोडते. ती दुसऱ्या कुणाला द्यावी.’”