सगळी सारखीच

भर पावसात मेंढरांचा कळप रस्त्यावर आला आणि आमची सहलीची बस अडकली. पाय मोकळे करायला आम्ही सगळेच खाली उतरलो, सहलवाल्यांनी वाटलेले पिवळे रेनकोट घालून. बायका आडोशाला गेल्या आणि मी मेंढपाळाची फिरकी घ्यायला.

"काय हो मामा, ही दोनशे तोंडं, सगळी सारखीच! तुम्हाला ओळखू तरी कशी येतात?"

"तोंड कशाला बघायचं साहेब? चालीवरून कळतं. ती कडेची म्हातारी बघा, खूर दुखतोय म्हणून पाय जपून टाकतेय. रोज आपल्याबरोबर चालणारं लांबूनही ओळखू येतं."

तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी बायकोचा हात धरून तिला बसच्या पायरीवर चढवलं. "चल लवकर, दर वेळी तुझ्यामुळेच उशीर होतो," असं वर ऐकवलंही. तिने वळून बघितलं, तर रेनकोटाच्या टोपीखाली दुसऱ्याच कुणाची तरी बायको डोळे वटारून उभी!

सगळी बस खो खो हसली. मेंढपाळाने लांबूनच काठी उंचावून हाक मारली, "साहेब, तुमची मागे राहिलीय! मघाशी तुमच्यामागून उतरली ना, ती. उजव्या पायाने लंगडतेय बघा."

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली.

तरी मी त्या मेंढपाळालाच विचारलं, "लंगडतेय? कधीपासून?"