ड्रम कापण्याआधी

ग्राइंडरचं पातं पत्र्याला टेकलं, ठिणग्या उडाल्या, आणि पुढच्या क्षणी मिस्त्री अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उताणे पडलेले होते. आवाज ऐकल्याचं काही त्यांना आठवेना. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

त्यांनी आधी बोटं मोजली. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस पडल्यावर दुसरं काय मोजणार? दहाच्या दहा होती. भुवया जळल्याचा वास येत होता. कामाचा चष्मा तिरका झाला होता, पण डोळे शाबूत होते.

मग त्यांनी ड्रमकडे पाहिलं. भंगारातून आणलेला दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम, खताचा होणार होता. पोटातून आरपार पाइप घालायचा, टोकाला हातपंपाचा जुना दांडा जोडायचा, खाली ड्रम पेलायला मोडक्या पलंगाच्या अँगलचा घोडा. वरून दार कापलं की त्यात घरातला ओला कचरा टाकायचा आणि रोज चार फेरे फिरवायचा. घोडा तयार होता. दारच तेवढं राहिलं होतं.

आता ड्रम विटांवरून उडून न्हाणीच्या दाराशी पडला होता, फुगून वेडावाकडा. त्याचं बूड गायब होतं. ते समोरच्या भिंतीत सापडलं, कमरेएवढ्या उंचीवर, विटेत रुतलेलं.

दोन मिनिटांपूर्वी त्याच जागी, त्याच भिंतीला टेकून, बायको उभी होती. दार केवढं हवं ते हातानं दाखवत होती. "मोठं कापा. बादली उपडी केली की सगळं आत पडलं पाहिजे. निम्मं माझ्या पायावर नको."

"अगं!" मिस्त्री ओरडले. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला नाही. ते भिंतीकडे रांगत निघाले.

ती स्वयंपाकघराच्या दारात दिसली. हातात सांडशी होती. दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. तिचे ओठ भराभर हलत होते. धावत येऊन तिनं सांडशी टाकली आणि त्यांचं तोंड, खांदे, हात चाचपून बघायला लागली. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

असं होऊच कसं शकतं? ड्रम थिनरचा होता हे त्यांना माहीत होतं. असला ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ राहते, आणि ठिणगी पडली की त्याचा बॉम्ब होतो. म्हणून आधी काठोकाठ पाणी भरायचं. वाफेला जागाच ठेवायची नाही. तरीही कापण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा: भरलेला बद्द बोलतो, रिकामा ठणठण. हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी हे घोटून घोटून शिकवलं होतं. आज त्यांनी वाजवला नव्हता. सकाळी स्वतः नळाला रबरी पाइप लावून भरलेला ड्रम काय वाजवायचा?

त्यांची नजर पाइपवर गेली. पाइप नळापाशी नव्हता, कुंड्यांपाशी होता. भर उन्हात सगळ्या कुंड्या ओल्याचिंब होत्या आणि मातीवर रंगीत तवंग चमकत होता. ड्रमच्या शाबूत बाजूची दोन्ही बुचं गच्च आवळलेली होती. ते जेवून लवंडले होते, तेवढ्या वेळात. बायको म्हणजे भाजी धुतलेलं पाणीसुद्धा वाया न घालवणारी बाई. ड्रम धुवायला भिजत घातलाय असं समजून तिनं तो पाइपनं कुंड्यांत मोकळा केला, आणि आत पाल-झुरळ जाऊ नये म्हणून बुचं लावून ठेवली. त्यांचं काम हलकं केलं.

तिच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं. ती त्यांच्या केसांतली माती झटकत होती.

एवढ्यात शेजारचा लेथवाला कुंपणावरून उडी मारून आला. मिस्त्रींचे कान हळूहळू उघडत होते. "मिस्त्री! काळ आला होता बघा, वेळ आली नव्हती." त्यानं ड्रमभोवती फेरी मारली, वाकून वास घेतला आणि सरळ झाला. "थिनरचा आहे. पाणी नव्हतं भरलं?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. पाणी भरायला विसरला म्हणून वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकालाच कामावरून घालवलं होतं, चारचौघांत, नाही नाही ते बोलून. तो हाच.

"विसरलो," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही?"

"वय झालं. पाणी भरलंच नाही."

'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' म्हणायला लेथवाला मोकळा होता. तसं म्हणाला असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. तो नुसता मान हलवून म्हणाला, "होतं असं."

मिस्त्रींनी मान खाली घातली. केसांतून फिरणारा बायकोचा हात थांबला होता.

"भरलंच नाही?" ती म्हणाली. तिनं कुंड्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"मग मी दुपारी झाडांना काय घातलं?"