येतंय गो

"वैनी, दादा परत इलो," धाकटा दीर बाबल अंगणातून म्हणाला.

द्रौपदीने दार उघडलं. काल संध्याकाळी खाडीत सोडलेलं नवऱ्याच्या अस्थींचं मडकं पायरीवर होतं. आतल्या अस्थी धुऊन लख्ख झाल्या होत्या.

खाडी साफ करणाऱ्या खेकड्यासारख्या यंत्राला गाव कुर्ली म्हणे. पाण्यात पडलेली वस्तू उचलायची, कुणाचा हात लागलाय ते हुंगायचं आणि त्याच्या दारात नेऊन ठेवायची, एवढंच तिला कळे. नारळी पुनवेचे नारळसुद्धा दुसऱ्या दिवशी घरोघर परत येत. खाडी आरशासारखी स्वच्छ होती, आणि तिला कुणाचं काहीच नको होतं.

"आता काय करूचा?" बाबलने विचारलं.

द्रौपदीने मडकं पदराने पुसलं. होडी घेऊन निघताना नवरा कधी 'जातंय' म्हणाला नव्हता. या घरात तो शब्दच अशुभ. "येतंय गो," म्हणायचा, आणि यायचा. म्हणूनच हे परत येत असतील का?

सांजेला ती मडकं घेऊन पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरली. जन्मात कधी न काढलेला शब्द तिने तोंडातून काढला.

"आता जावा तुमी. परत येव नकात."

पहाटे पायरीवर पाणी ठिबकू लागलं. खाडीवरून आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी द्यायचं, या सवयीने तिने तांब्या भरला. मग तो हातात धरून ती बंद दाराला पाठ टेकून खाली बसली.